चौकोनाआधी बार्न पाहा: उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मराठी मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य

सप्रेम नमस्कार.

जवळच्या एखाद्या गावाला मंडळातर्फे बार्न क्विल्ट (बार्नच्या भिंतीवर लावायचा, क्विल्टच्या म्हणजे इथल्या गोधडीच्या नमुन्याचा रंगीत चौकोन) भेट द्यावी, त्यावर आपली गोधडी रंगवावी आणि गावाच्या क्विल्ट ट्रेलवर, म्हणजे अशा चौकोनांच्या फेरीवर, मराठी माणसाचीही एक खूण राहावी, ही कल्पना हल्ली बऱ्याच जणांच्या बोलण्यात येते. कल्पना चांगली आहे आणि तिच्यात मोडता घालण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. आम्ही हे चौकोन रंगवतो, टांगतो आणि काही वर्षांनी उतरवून दुरुस्तही करतो. त्या कामातून आलेली एक विनंती आहे. सुरुवात आपल्या चिन्हापासून करू नका. ज्या बार्नवर चौकोन लागणार आहे, त्या बार्नपासून आणि त्या गावापासून करा.

बार्न म्हणजे गोठा, वैरणीचा माळा आणि धान्याचं कोठार, सगळं एकाच छपराखाली. त्याच्या भिंतीवर क्विल्टचा एकच चौकोन मोठा करून रंगवायचा आणि असे चौकोन रस्त्यारस्त्याने जोडून गावाची फेरी आखायची, ही पद्धत ओहायो राज्याच्या अॅडम्स काउंटीत 2001 मध्ये सुरू झाली. डोना सू ग्रोव्ह्ज ओहायो आर्ट्स कौन्सिलमध्ये काम करत. त्यांची आई क्विल्ट शिवायची आणि शेतावर एक जुना तंबाखूचा बार्न होता. आईसाठी त्या बार्नवर एक चौकोन रंगवायचा, एवढाच मूळ बेत होता. मित्रमंडळी म्हणाली, एकच कशाला, सगळ्या काउंटीसाठी करू. ऑक्टोबर 2001 मध्ये 'ओहायो स्टार' या ताऱ्याच्या नमुन्याचा पहिला चौकोन लागला तो वनौषधींच्या एका शेतावर, ग्रोव्ह्ज मायलेकींच्या बार्नवर नव्हे. त्यांच्या बार्नवरचा 'स्नेल्स ट्रेल' मागाहून आला. बिछान्याच्या क्विल्टमध्ये साधारण 20 चौकोन बसतात, म्हणून फेरीतही 20 धरले. हा क्रम ध्यानात ठेवावा असं आम्हाला मनापासून वाटतं. आधी गाव, मग आपलं घर.

आता नमुना. इथे आपली मंडळी हमखास चुकतात, कारण गोधडी आपण मांडीवर घेऊन पाहिलेली असते. 8 फूट बाय 8 फुटांचा चौकोन 300 फुटांवरच्या रस्त्यावरून पाहिला, तर हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. गाडी चालू असेल तर पाहायला चारपाच सेकंद मिळतात. गोधडीचा जीव असतो धावदोऱ्यात. काठापासून सुरू होऊन चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत जाणारे ते टाके हाताला लागतात, जुन्या लुगड्याची सुरकुती त्यांच्यामुळेच पडते. नखाएवढ्या चित्रात त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. पांढऱ्या तुटक रेघा मारून टाके दाखवायचा मोह होतो. रस्त्यावरून त्या धुळीसारख्या दिसतात आणि खालचा रंग मळकट वाटायला लागतो.

दुरून टिकतं ते गोधडीतलं ठिगळ आणि काठ. बाहेरून एका गडद रंगाचा रुंद काठ, आत मोठे चौकोन-त्रिकोण, मध्ये एकच उठावदार रंग. एकूण रंग तीन, फार तर चार. गडद आणि फिका यांच्यात फरक पुरेसा आहे का, हे पाहायचा सोपा उपाय म्हणजे कागदावरच्या नमुन्याचा फोनवर काळा-पांढरा फोटो काढणं. लाल आणि हिरवा शेजारी शोभून दिसतात, पण काळ्या-पांढऱ्यात दोन्ही एकच करडे झाले, तर संध्याकाळच्या उजेडात बार्नवरही तेच होणार.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. पहिली, देवाची किंवा महाराजांची प्रतिमा. भिंतीवर ऊन-पाऊस आहे, वळचणीला पक्ष्यांची घरटी आहेत, विष्ठेचे ओघळ येतात, रंगाचे पोपडे निघतात आणि चौकोन उतरवायला दर वेळी बूम लिफ्ट लागते. मान राखता येणार नसेल, तर तिथे प्रतिमा लावू नये. दुसरी, स्वस्तिकाकडे झुकणारी रचना. आपल्यासाठी ते शुभचिन्ह आहे. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या क्विल्टमध्येही ते असायचं, हिटलरनंतर सोडून दिलं गेलं. आज गावरस्त्यावरून जाणारा माणूस ते दुसऱ्या कुठल्या अर्थाने वाचणार नाही, आणि त्याचा जाच बार्नमालकाला होईल. रांगोळीतून नमुना उचलताना फिरकीचे हात काटकोनात वळत नाहीत ना, हे दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासून घ्या.

मराठी नमुना गावाच्या इतिहासात खरोखर बसतो अशा जागा आहेत. 1965 च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर अमेरिकेतल्या लहान गावांत जाऊन राहिले. एखाद्या गावाच्या दवाखान्यात मराठी डॉक्टरने आयुष्य काढलं असेल, तर तो त्या गावाचाच इतिहास आहे आणि त्या दवाखान्याच्या भिंतीवर गोधडीचा चौकोन शोभेल. पण ज्या बार्नमध्ये चार पिढ्यांनी तंबाखू वाळवला, तिथे तंबाखूच्या पानाचा नमुना लावायचा. आपण मेहनत द्यायची, वर्गणी द्यायची.

कामाला लागताना मापापासून सुरुवात करा. पूर्ण आकाराचा चौकोन म्हणजे 4 बाय 8 फुटांच्या दोन प्लाय, एकीवर एक आडव्या. प्लाय एमडीओ घ्यायची. रस्त्याकडेच्या पाट्यांना हीच वापरतात. हिच्या पृष्ठभागावर राळेत भिजवलेला कागद दाबून बसवलेला असतो, त्यामुळे लाकडाचे रेषे वर येत नाहीत. कागद दोन्ही बाजूंना आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. साध्या प्लायवर एकदोन हिवाळ्यांत केसासारख्या भेगा पडतात. एमडीएफ (लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी) तर पाणी पिऊन फुगतं, ते आणूच नका. अर्धा इंच जाडी पुरते. एक प्लाय साधारण 50 पौंडांची, म्हणजे मागच्या चौकटीसह सगळा चौकोन दीडशे पौंडांच्या आसपास जातो.

चौकोन मरतो तो कडेतून. कापलेल्या कडेला प्लायचे थर उघडे असतात आणि पाणी तिथून शिरतं. समोरचा रंग ठणठणीत, आणि खालची कड मात्र पुस्तकाची पानं सुटावीत तशी सुटलेली, हे दृश्य जुन्या फेऱ्यांवर ठिकठिकाणी दिसतं. म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी कडा पॉलिश पेपरने घासा, बाहेरच्या कामाची लांबी (पुटी) बोटाने दाबून भरा, वाळल्यावर पुन्हा घासा आणि प्रायमरचे तीन हात द्या. दोन्ही प्लाय जिथे भेटतात त्या मधल्या कडाही यातून सुटू नयेत. पाठीमागे रंग न लावणं ही दुसरी मोठी चूक. एक बाजू बंद आणि दुसरी उघडी राहिली, की प्लाय एकाच बाजूने ओल घेते आणि पत्रावळीसारखी वाकते. दोन्ही बाजूंना प्रायमरचे दोन दोन हात म्हणजे 256 चौरस फूट झाले. एक गॅलन पुरतो.

आखणीत नमुन्याची घरं मोजा. ओहायो स्टार 3 बाय 3 घरांचा आहे, 96 इंचांचे तीन भाग म्हणजे 32 इंचांचं एक घर. चार कोपऱ्यांत साधी घरं, मध्ये एक साधं, आणि चार बाजूंच्या मधल्या घरांना दोन्ही कर्ण मारून चार चार त्रिकोण. 4 बाय 4 चा नमुना असेल तर घर 24 इंचांचं. 5 बाय 5 ला गाडी अडते, कारण 19.2 इंच फूटपट्टीवर सापडत नाही. चारी बाजूंना अर्धा इंच काठ सोडून 95 इंच धरा, घर 19 चं येतं. 7 बाय 7 ला अडीच इंच काठ सोडा, 91 चे 13-13 इंच होतात. दोन्ही प्लाय जोडून गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) कोपरे तपासा आणि दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येकी 135 इंच आणि वर पाऊण भरला पाहिजे. कर्णात अर्ध्या इंचाचा जरी फरक राहिला, तरी ताऱ्याची टोकं एकमेकांना भेटत नाहीत आणि मग डोळा तिथेच जाऊन अडकतो. लांब रेघा फूटपट्टी सरकवत मारू नका, खडूची दोरी ताणून मारा.

रंग बाहेरच्या कामाचा, शंभर टक्के अॅक्रिलिक. ओहायो स्टारच्या 64 चौरस फुटांपैकी जवळजवळ 43 फूट पार्श्वभूमी असते, 14 फूट ताऱ्याची टोकं आणि 7 फूट मधलं घर. तेव्हा पार्श्वभूमीचा एक क्वार्ट दोन हातांत संपत येतो, बाकीच्यांचा उरतो. पिवळा मुळात पातळ झाकणारा रंग आहे, त्याला तीन-चार हात लागतात. लाल रंगाखाली पांढऱ्याऐवजी करडा प्रायमर द्या, एखादा हात वाचतो. लाल उन्हात सगळ्यात आधी विटतो, म्हणून दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीसाठी भडक लालाऐवजी विटकरी घ्या. त्यातलं रंगद्रव्य लोहाचं असतं आणि ते उन्हाला दाद देत नाही. वरून पारदर्शक वॉर्निश लावायचा सल्ला कुणी ना कुणी देतंच. आम्ही लावत नाही. ते काही वर्षांनी पिवळं पडतं, कुठे टिकतं, कुठे सुटतं, आणि मग दुरुस्तीआधी सगळा चौकोन खरवडावा लागतो.

रंगाची कड सरळ यावी म्हणून लावायच्या टेपबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण स्वयंसेवकांच्या रविवारी सगळं बिघडतं ते इथे. आधी फिका रंग पूर्ण करा. तो हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नाही. किमान एक दिवस, दमट हवेत दोन दिवस जाऊ द्या. घाई केलीत तर टेप काढताना खालचा रंग सालीसारखा सोलून येतो. टेप आखलेल्या रेघेच्या बाहेरून लावा आणि तिची कड प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने घट्ट दाबून घ्या. आता लगेच गडद रंग लावायचा नाही. टेपखाली जो रंग आहे, त्याच रंगाचा एक पातळ हात टेपच्या कडेवरून फिरवा. कुठे फट असेल तर तो तिथे शिरून बसतो, आणि खालचाच रंग असल्यामुळे दिसत नाही. तो सुकला की वरून गडद रंगाचे दोन हात द्या, बारीक रोलरने, आतून कडेकडे नव्हे तर टेपवरून घराच्या आत ओढत. शेवटचा हात चिकटसर असतानाच टेप स्वतःवर दुमडत, तिरकी, हळूहळू काढा. रात्रभर ठेवली तर रंगाचा पापुद्रा टेपबरोबर फाटून कड दातेरी होते. तापमान 10 अंश सेल्सियसच्या खाली जाणार असेल, तर त्या दिवशी रंगकाम नको. दुपारी ठीक वाटतं, पण रात्रीचं दव ओल्या अॅक्रिलिकवर बसून डाग उठवतं.

टांगणं हे हौशी मंडळींचं काम नव्हे, हे आधीच सांगतो. 64 चौरस फुटांच्या सपाट पृष्ठभागावर ताशी 70 मैलांचा वारा साधारण 800 पौंडांचा जोर लावतो. बार्नच्या बाहेरच्या उभ्या फळ्या जेमतेम इंचभर जाड असतात, त्यातही बऱ्याच शंभर वर्षांच्या, आणि खिळ्यांच्या भोकांशी कुजलेल्या. स्क्रू तेवढ्यात बसवला तर वादळात फळ्यांसकट चौकोन खाली येतो. आत जाऊन ज्या आडव्या वाशांवर फळ्या ठोकल्या आहेत ते शोधा, त्यांची उंची मोजा आणि स्क्रू त्यांच्यात पोचतील अशा बेताने बाहेरून दोन आडव्या, कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या लाकडी पट्ट्या लॅग स्क्रूंनी (जाड, लांब लाकडी स्क्रूंनी) बसवा. खालची पट्टी चौकोनाचं वजन पेलते, वरची त्याला धरून ठेवते, आणि मागे हवा खेळायला दीड इंच फट मिळते. खालची प्लाय आधी चढवा, वरची नंतर. स्क्रू स्टेनलेस किंवा गरम जस्त दिलेलेच वापरा. प्रक्रिया केलेल्या लाकडात तांबं असतं, साधा स्क्रू त्यात लवकर गंजतो आणि चौकोनावर तांबूस ओघळ उतरतात.

तंबाखूच्या बार्नला भिंतीत उभ्या झडपा असतात, पानं वाळताना त्या उघडाव्या लागतात. त्यांच्यावरून पट्टी मारू नका. वैरणीचं दारही तसंच. पत्र्याच्या बार्नला लाकडी प्लायऐवजी अॅल्युमिनियम कंपोझिटचा पत्रा बरा, हलका असतो आणि कुजत नाही. पण तो उन्हाने वाढतो. मिनेसोटा किंवा ओंटारिओच्या कडक हिवाळ्यापासून भर उन्हापर्यंत 80 अंश सेल्सियसचा फरक धरला, तर 8 फुटांत साडेचार मिलिमीटर. भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवून वर वॉशर लावला नाही, तर पत्रा मध्ये फुगून उभा राहतो. लिफ्ट बऱ्याचदा गावाच्या वीज सहकारी संस्थेकडून किंवा अग्निशमन दलाकडून मिळते. मात्र त्यांची माणसंच ती चालवतील, हे आधी ठरवून घ्या.

आता इतिहास. फेरी म्हणजे नुसते रंगीत चौकोन नव्हेत. प्रत्येक ठिकाणी शंभर-सव्वाशे शब्दांची माहिती असते आणि तिथे चूक झाली, तर ती गावाच्या नावावर छापली जाते. शेताची मालकी काउंटीच्या खरेदीखतांत सापडते. कुणाकडे किती गाई होत्या, किती मका पिकला, हे 1850 ते 1880 च्या शेती-जनगणनेच्या तक्त्यांत असतं. बार्न किती जुना, हे ठरवताना घरच्या आठवणीबरोबर खिळे पाहा. कापीव चौकोनी खिळे असतील तर बांधकाम बहुधा 1890 च्या आधीचं, तारेचे गोल खिळे त्यानंतर सर्रास झाले. अर्थात गोल खिळे दुरुस्तीतूनही येतात, म्हणून मूळ सांध्याजवळचेच पाहायचे.

एक दंतकथा फार पसरली आहे. गुलामीतून पळणाऱ्यांना क्विल्टच्या नमुन्यांतून गुप्त वाट सांगितली जायची, अशी. गोष्ट ऐकायला सुंदर आहे, पण इतिहासकारांना तिचा समकालीन पुरावा मिळालेला नाही. ओहायो नदीकाठी रिप्लीला गुलामगिरीविरोधी पाद्री जॉन रँकिन यांचं घर उभं आहे, तिथे पळून आलेल्यांना आसरा मिळायचा, आणि त्याला पुरावा आहे. अशी खरी जागा जवळ असताना माहितीफलकावर दंतकथा लिहू नये. तसंच गावाचा इतिहास पहिल्या बार्नपासून सुरू होत नाही. अॅडम्स काउंटीतच सर्पाकृती मातीचा प्राचीन बांध, सर्पंट माउंड, आहे. ओंटारिओत लाँगवूड्स रोडच्या फेरीत 1812 च्या अमेरिका-ब्रिटन युद्धाची आठवण चौकोनांतून सांगताना तिथल्या मूलनिवासी समाजांचीही बाजू घेतली आहे. आपण ज्या गावाला भेट देणार, तिथेही हे विचारायला हवं.

फेरी वर्तुळाकार असावी, म्हणजे पाहुणा गावातच परततो आणि तिथे जेवतो. प्रत्येक चौकोनासमोर गाडी सुरक्षित थांबवता येते का ते पाहा. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर असलेला बार्न कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा. रस्त्याच्या हद्दीत पाटी लावायची तर काउंटीची परवानगी लागते. मालकाशी लेखी करार करा, एका पानाचा पुरे. चौकोन कुणाच्या मालकीचा, दुरुस्ती कोण करणार, बार्न विकला किंवा पडला तर काय, लोक आवारात शिरले तर काय. कितीतरी जुने बार्न आता वापरात नाहीत, त्यामुळे यातला तिसरा प्रश्न कधी ना कधी येतोच.

मंडळाची कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते आणि नीट केलेला चौकोन दहा-पंधरा वर्षं भिंतीवर राहतो. तेव्हा उद्घाटनाच्या फोटोबरोबर देखभालीची नोंदही दफ्तरात ठेवा. दर वसंतात दुर्बिणीने खालची कड आणि मधला सांधा पाहायचा, पोपडा दिसला तर त्याच उन्हाळ्यात हात मारायचा. आणि चढवण्याआधी प्लायच्या पाठीवर, न पुसणाऱ्या शाईने, प्रत्येक रंगाची कंपनी, छटेचा क्रमांक, चकाकी आणि तारीख लिहा, त्याचा फोटो काढून मालकाला द्या. कंपन्या छटा बंद करतात. डोळ्यांनी जुळवलेला निळा दुकानात बरोबर वाटतो, भिंतीवर मात्र ठिगळासारखा दिसतो.

आपले,
बार्न क्विल्टचं काम करणारे काही मराठी स्वयंसेवक